करून बघणाऱ्या बाई

आमच्या संपादकबाईंच्या ऑफिसात एक स्टूल आहे. त्यावर बसलं की माणूस डावीकडे कलतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बसले आणि कललेच. बाई कागदातून मान वर न करता म्हणाल्या, बसा वहिनी, पडणार नाही, ते तिसऱ्या प्रकरणाचं स्टूल आहे. मी मनात म्हटलं, झालं, भलत्याच दारात आलो आपण.

मग हळूहळू कळलं. त्यांच्याकडे सुतारकामाचं एक पुस्तक आलं होतं. बाईंनी करवत आणली, रंधा आणला आणि पुस्तकात लिहिलंय तसं, अक्षर न अक्षर पाळून, स्टूल केलं. एक पाय आखूड झाला. लेखक म्हणाला, तुमचं माप चुकलं. बाई म्हणाल्या, माझं नाही, तुमच्या तिसऱ्या प्रकरणाचं चुकलं. आणि त्याच्याकडून ते प्रकरण पुन्हा लिहून घेतलं. थंडीत त्या जो स्वेटर घालतात त्याची एक बाही दुसरीपेक्षा चांगली चार बोटं लांब आहे. तो विणकामाच्या पुस्तकातला. घरी साबण करायच्या पुस्तकापायी तर त्यांच्या हातांची सालं निघाली होती. त्यांची थोरली बहीण त्यांच्याबरोबर राहते. स्वयंपाकाच्या पुस्तकांतली सगळी फसलेली प्रकरणं ती बिचारी खाऊन संपवते. मला एकदा म्हणाली, हिने कधी विषांवरचं पुस्तक हातात घेतलं तर मी घर सोडणार आहे.

एरवी बाईंकडे बघून काही वाटू नये. ठेंगणी मूर्ती, कानामागे पेन्सिल, खांद्याला ही एवढी पिशवी. सायकलच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस. जिन्यात ग्रीसचा वास, खोलीत कागदाचा. त्या पेन वापरत नाहीत, कारण पेनने खोडलं की लेखकाला लागतं म्हणे. त्यांचे प्रकाशक त्यांच्यापुढे हात टेकून बसलेत. दुसरीकडे ढीगभर पुस्तकं निघतात तेवढ्यात बाईंचं एक निघतं. पण ते एक लोक वर्षानुवर्षं विकत घेतात, कारण त्यात लिहिलंय तसं केलं की ते होतं. "मी वाचत नाही, करून बघते," एवढंच त्यांचं म्हणणं.

तर त्यांच्याकडे आम्ही का गेलो, ते सांगते.

आमचे हे गाडी शिकवायचे. उभा जन्म त्यातच गेला. शहरातले अर्धे लोक ह्यांच्या हाताखालून गेलेत, म्हणून नात्यातले काय, परके काय, सगळे ह्यांना मास्तरच म्हणतात. मीही तेच म्हणते. शिकवायचे उत्तम, पण तोंड म्हणजे नुसता पट्टा. एकदा सुटला की समोर कोण आहे ते बघायचे नाहीत. मग डोळे गेले. अगदी आंधळे नाहीत, पण समोर बघितलं की मधोमध धुकं आणि कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी गाडी बंद केली, आणि ज्याला स्वतःला चालवता येत नाही त्याने दुसऱ्याला काय शिकवायचं, म्हणून मास्तरांनी गाडी शिकवायची आपली शाळाही बंद केली. शाळेची जुनी गाडी तेवढी ठेवली. ती खाली कापड पांघरून उभी, आणि मास्तर वर बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेले. खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर ओरडायचे. गिअर टाक रे, आरशात बघ, तुझ्या बापाचा रस्ता आहे का. उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. माझं डोकं उठायचं, पण ते परवडलं. एक दिवस खाली एकाने चक्क उलट्या बाजूने गाडी घातली आणि मास्तर काही बोलले नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले. हा माणूस त्या खुर्चीतच संपणार असं मला वाटायला लागलं.

माझी नणंद बाईंच्या प्रकाशकांकडे हिशेबाचं काम बघते. तिनेच डोक्यात भरवलं की दादा, तुझं सगळं ज्ञान पुस्तकात उतरव. ह्यांना पटलं. हे सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे. दिवसच्या दिवस लिहीत होते. अमुक करू नये, तमुक विसरू नये, ढ माणसासारखं स्टिअरिंगला लोंबकळू नये. निम्मं पुस्तक म्हणजे ओरडणंच होतं, आता ते शाईत होतं इतकंच. पण ह्यांची दाढी पुन्हा रोज व्हायला लागली होती, म्हणून मी मूग गिळून लिहीत राहिले.

तो गठ्ठा घेऊन आम्ही त्या कलत्या स्टुलापाशी पोचलो. बाईंनी वरची चार पानं वाचली आणि विचारलं, हे कुणासाठी लिहिलंय? मास्तर म्हणाले, सगळ्यांसाठी. बाई म्हणाल्या, सगळे म्हणून कुणी माझ्या ओळखीचे नाहीत, एक माणूस सांगा. मास्तरांनी तोंड माझ्या दिशेला वळवलं. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, वहिनींना गाडी येते का?

आता काय सांगायचं? दिव्याखाली अंधार, म्हटलं. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा मास्तर मला हौसेने मैदानावर घेऊन गेले होते. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा आचका, पुन्हा बंद. असं किती वेळ चाललं देव जाणे. शेवटी हे ओरडले की शेंबडं पोरसुद्धा एवढं करतं. मी उतरले, दार आपटलं आणि चालत घरी आले. त्यानंतर आजतागायत स्टिअरिंगला हात लावला नाही. लोक विचारायचे, मास्तरीणबाई, तुम्हीच कशा शिकला नाहीत? मी हसून म्हणायचे, मी मठ्ठ आहे हो त्या बाबतीत. हसून म्हणायचे, पण मला ते खरंच वाटत होतं.

बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, छान, मग हे पुस्तक वहिनींनी करून बघायचं. मला स्वतःला करायला आवडलं असतं, पण मला रस्ता ओलांडायचीसुद्धा भीती वाटते. मी शेजारी बसून वाचीन. मी नाही म्हणणार होते. ओठांवर आलं होतं. पण मास्तर इतक्या आशेने माझ्या दिशेला तोंड करून बसले होते, आणि चेहरा धुक्यात गेला की त्यांना दिसत नाही म्हणून ते मान जराशी वाकडी करतात, तशी केली होती त्यांनी. मी हो म्हटलं.

बंद गोदामाच्या मागे सिमेंटचं मोठं पटांगण आहे. राखणदार ह्यांचा जुना शिष्य, त्याने रविवारी फाटक उघडून दिलं, आणि आमची गाडीही तिथे आणून लावली. बाईंची अट अशी की लेखकाने गाडीत बसायचं नाही. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी लेखक थोडाच जाऊन बसतो? पुस्तकाने एकट्याने काय ते करायचं. मास्तरांना भिंतीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसवलं आणि तोंड उघडायचं नाही असं बजावलं.

मी स्टिअरिंगवर, बाई शेजारी, मांडीवर गठ्ठा, हातात पेन्सिल. त्या एक वाक्य वाचणार, मी तेवढंच करणार. गाडी चालू झाली. क्लच दाबला, गिअर पडला. मग आलं मास्तरांचं लाडकं प्रकरण, क्लच सोडण्याचं. ह्या प्रकरणावर त्यांचा फार जीव. मी वाक्यात होतं तसा, हळूहळू पाय उचलला. आचका, आणि गाडी बंद.

मैदानावरचा तोच आचका. मी म्हटलं, बघा, मी सांगितलं होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, चूक तुमची नाही, वाक्याची आहे." आणि पेन्सिलीने ते वाक्य खोडलं.

काय सांगू, मला रडूच आलं. मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. शाळेत नाही, माहेरी नाही, सासरी तर सोडूनच द्या.

मग बाई खोडत गेल्या आणि मी आचके देत गेले. 'हळूहळू'च्या जागी 'अगदी हळू' आलं. मग टाच कुठे टेकवायची ते आलं. तरी गाडी जागची हलेना, हललीच तर हातभर फरफटायची आणि मरायची. मास्तरांचं लाडकं प्रकरण रविवारी संध्याकाळी घरी यायचं तेव्हा पानभर रेघांखाली गेलेलं असायचं. मास्तर ते पान डोळ्यांच्या कडेशी धरून बघायचे. मग गठ्ठ्याच्या तळाशी सरकवून ठेवायचे. मला वाटलं, ह्यांची उमेद पुन्हा चालली; आणि ती माझ्याच पायांनी चालली. बाईंना तर स्वतःवरच शंका यायला लागली होती. म्हणाल्या, इतकं सोपं वाक्य मला कसं सापडत नाही?

मग एका रविवारी सावली फिरली होती म्हणून राखणदाराने मास्तरांची खुर्ची दुसऱ्या भिंतीला, गाडीच्या मागच्या बाजूला ठेवली. आम्ही आपलं चालू केलं. आचका, बंद. आचका, बंद. तिसऱ्यांदा चालू करते तोच मास्तर उठले. काठी आपटत, मान वाकडी करून, तरातरा गाडीकडे आले. मला वाटलं, आता पट्टा सुटणार. मी दाराचं हँडल धरूनच ठेवलं, उतरायच्या तयारीत. पण ते माझ्या बाजूला आलेच नाहीत. बाईंच्या खिडकीशी वाकले.

"बाई," ते म्हणाले, "पाय कुठाय तुमचा?"

बाईंनी खाली बघितलं. मीही बघितलं. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या सीटपुढे, पायाशी वेगळा ब्रेक असतो, हे मला ठाऊक होतं. पण माझे डोळे समोर खिळलेले, शेजारी कोण बघतंय! बाईंना तर ते पाय टेकायला केलेलं काहीतरी वाटलं होतं. त्यावर त्यांनी पाय असा घट्ट रोवला होता की चपलेचा पट्टा ताणला गेला होता. पहिल्या दिवसापासून. मी मेली गाडी पुढे न्यायला बघतेय आणि ह्या बाई शेजारी बसून ती धरून ठेवतायत. मागचा लाल दिवा सारखा पेटलेला, तो मास्तरांना डोळ्यांच्या कडेतून दिसला होता.

बाई आधी ओशाळल्या, मग इतक्या हसल्या की गठ्ठा मांडीवरून खाली गेला. मीही हसले. हसता हसता डोळे पुसले. मास्तर विजयी वीरासारखे उभे होते. म्हणाले, म्हणजे माझी वाक्यं बरोबर होती, ती सगळी परत घाला.

बाई हसायच्या थांबल्या. पेन्सिल कानामागे गेली. त्या म्हणाल्या की घालते, पण मला एक सांगा. मला शपथेवर कळलं नाही की मी ब्रेक दाबतेय. मला वाटत होतं मी नुसती बसलेय. शिकवताना तुमचं असं कधी झालं होतं का?

मास्तर म्हणाले, इतक्या वर्षांत कधीच नाही. मग काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "एकदा झालं होतं. हिच्या शेजारी बसलो होतो तेव्हा."

मला आधी नीट समजलंच नाही. बाईंनीच विचारलं, कधी? ते म्हणाले, लग्नानंतर, मैदानावर. हिला काही होईल ह्या भीतीने माझा पाय सारखा ब्रेकवर होता. खाली उतरलो तेव्हा पोटरी भरून आली होती, तेव्हा लक्षात आलं. पण ही तोवर घरी गेली होती. पुढे सांगायचं राहून गेलं.

राहून गेलं! दूध आणायचं राहून गेलं म्हणतात तसं! जन्मभर मी स्वतःला मठ्ठ म्हणवून घेतलं, चारचौघांत हसून साजरं केलं, आणि ह्यांचं आपलं राहून गेलं. मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. राखणदार फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला एवढंच सांगते. मग मी बाईंना म्हटलं, पाय वर घ्या. बाईंनी दोन्ही पाय सीटवर घेतले. मी मास्तरांचं पहिलंच वाक्य मनात म्हटलं, जे बाईंनी सगळ्यात आधी खोडलं होतं, आणि क्लच सोडला. गाडी निघाली. काही झालं नाही, नुसती निघाली. पटांगणाच्या त्या टोकापर्यंत गेले. मला इतका आनंद झाला आणि इतका राग आला की दोन्ही एकदम कुठे ठेवावेत ते कळेना. मास्तरांना उन्हात तिथेच उभं ठेवून मी तीन चकरा मारल्या.

दोन दिवस मी घरात अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच आल्या, जिना चढून, धापा टाकत. गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या की मास्तर, हे पुस्तक चांगलं आहे, पण अशी चांगली पुस्तकं दुकानात आधीच पडून आहेत. शिकणाऱ्याला सांगणारे पुष्कळ आहेत. शेजारी जो बसतो, बाप, नवरा, भाऊ, त्याला कुणी काही सांगत नाही. भीती त्यालाच जास्त असते, आणि त्याचा पाय कुठे आहे ते त्याला ठाऊक नसतं. ते पुस्तक फक्त तुम्हाला लिहिता येईल. मास्तर म्हणाले, म्हणजे इतकं सगळं लिहिलेलं वाया? बाई म्हणाल्या, वाया कशाने, ह्याच्यातूनच तर ते निघालं.

मास्तरांनी माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं. लिहून कोण घेणार, असं त्यांना विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. थोडा वेळ मी त्यांना तसंच राहू दिलं. मग चहा टाकला आणि कागद घेऊन बसले.

ते पुस्तक सांगताना हा माणूस बदललाच. ओरडणं गेलं असं नाही, पण आता मध्येच थांबायचे, म्हणायचे, हे खोड, हे मी उगाच शहाणपणा करतोय. शेजारच्याने हात कुठे ठेवावेत, श्वास कसा रोखू नये, समोरून ट्रक आला तर कोणता एकच शब्द बोलावा. बाई प्रत्येक प्रकरण करून बघायच्या, आता शेजारी बसायचा सराव म्हणून. त्यांच्या बहिणीच्या शेजारी बसून, बहीण शिलाई मशीन चालवत असताना, काही न बोलता राहायचं. पहिल्या दिवशी त्यांना ते पाच मिनिटंही जमलं नाही. बहीण म्हणाली, देव तुमच्या मास्तरांचं भलं करो.

मी दरम्यान परीक्षा देऊन लायसन्स काढलं. फोटोत मी भांडायला उभी असल्यासारखी दिसते.

शेवटचं प्रकरण राहिलं होतं. शेजारी बसणं सोडून कसं द्यायचं, त्याचं. मास्तर भराभर सांगायला लागले तसं बाईंनी त्यांना अडवलं. म्हणाल्या, हे तुम्ही स्वतः केलेलं नाही. आधी वहिनींच्या शेजारी बसा, मग सांगा.

पहिल्या खेपेला मास्तरांनी कोपऱ्यावरच ब्रेक दाबला. मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, उतरा. ते उतरले, आणि मागे बसलेल्या बाईंचा हात धरून घरी चालत आले. दुसऱ्या खेपेला दाबला नाही, पण सिग्नल, सिग्नल असं पुटपुटत राहिले. तिसऱ्या खेपेला ओठ मिटून बसले, तर चेहरा दात उपटून घ्यायला निघालेल्या माणसासारखा. बाई मागून म्हणायच्या, होईल, घाई नाही. प्रकाशक फोन करून करून थकले. पुस्तक छापायला जायचं खोळंबलं होतं ते ह्या एका प्रकरणापायी. मास्तर मला म्हणाले की हे मला जमणार नाही, पुस्तक असंच राहणार. त्यांचा आवाज बाल्कनीतल्या शेवटच्या दिवसांसारखा विझला होता, म्हणून मी रागावले नाही.

परवा दुपारी आम्ही तिघं गावाबाहेरच्या सरळ रस्त्याने लांबवर गेलो. बरंच अंतर बाई आणि मी बोलत होतो, त्यांच्या बहिणीच्या गुडघ्याबद्दल. परत फिरलो, मोठ्या पुलावर आलो. गर्दी होती. मागून एक बस अंगावर आल्यासारखी आली आणि बाजूने निघून गेली. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार. काही नाही. मी समोरच बघत होते, म्हणून बाईंना विचारलं की मास्तर काय करतायत. बाई दोन सीटांच्या मधून पुढे वाकल्या.

मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, झोपलेत हो."

लाल सिग्नलला थांबले तेव्हा मी बघितलं. तोंड जरा उघडं, मान खिडकीला टेकलेली, पाय सैल लांब टाकलेले. हा माणूस आयुष्यात कधी दुसऱ्याच्या गाडीत डोळा मिटत नसे. लग्नाच्या वरातीतही ड्रायव्हरला सूचना देत होते. बाईंनी पेन्सिल काढली होती. उठवू का, शेवटचं प्रकरण आत्ताच सांगतील, असं त्यांनी खुणेने विचारलं. मी मानेनेच नको म्हटलं. बाईंनी पेन्सिल परत कानामागे ठेवली.

आमच्या घराचं वळण आलं. मी वळले नाही, सरळ पुढे गेले.